त्याला मुक्काम हवा, मला रस्ता, आणि गाडी एकच

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली तेव्हा लोकांनी सगळं विचारलं. पेट्रोल किती खाते (गॅलनला आठ ते दहा मैल, रडू नका), घरी कुठे लावणार (नाही लावत, आमची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, ड्राइव्हवेत उभी करू देत नाही, स्टोरेज लॉटचं भाडं भरतो), टॉयलेटचं काय करता (जेवताना विचारू नका). पण तुम्हा दोघांच्या सुट्टीच्या कल्पना जुळतात का हो, हे एकाही माणसाने विचारलं नाही आणि सगळ्यात महागात पडलेला प्रश्न तोच आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, मुलं कॉलेजला गेली आणि घर रिकामं झालं तेव्हा २४ फुटी सेकंडहँड क्लास सी घेतली, फोर्डच्या ई-४५० चासीवरची. ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो बघा, ती. नॅशनल पार्कांच्या जुन्या कॅम्पसाइट्स लहान असतात, ३५ फुटी धूड घेऊन गेलात तर अर्ध्या जागा तुमच्यासाठी बादच, म्हणून लांबी २४ वर थांबवली. एवढं एकमताने झालं. मग प्रवास सुरू झाला.

माझे बाबा सरकारी नोकरीत, त्यामुळे आमची सुट्टी म्हणजे एलटीसी, सरकारी प्रवास सवलत. एकदा रजा मंजूर झाली की मिळतील तेवढी गावं बघून घ्यायची, सकाळी सहाला बॅगा खाली, आई रेल्वेत दशम्या वाटतेय आणि बाबा वेळापत्रक वाचतायत. मला तेच सुख वाटतं, अजूनही. नवऱ्याची सुट्टी म्हणजे अख्खा मे महिना गुहागरला आजोळी. एकच पडवी, एकच झोपाळा, रोज तोच समुद्र आणि दुपारी आंबे खाऊन झोप. त्यामुळे मी कुठे निघाले की पुढचं काय ते बघते आणि तो कुठे पोचला की आधी खुर्ची उघडतो.

"अगं सुट्टीवर आलोय की एसटीची ड्युटी करायला?" हे त्याचं. "अरे खुर्ची तर बॅकयार्डातपण आहे, तिच्यासाठी एवढं घर ओढत आणलं का?" हे माझं. 

गंमत म्हणजे हॉटेलात राहायचो तेव्हा हे भांडण कधी एवढं पेटलंच नाही. तो रूमवर लोळायचा, मी रेंटल कार घेऊन भटकून यायची, संध्याकाळी दोघं खूश. आरव्हीत मोठी गोची ही आहे की घर आणि गाडी एकच. मला चार मैलांवरचा एक पॉइंट बघून यायचं असेल तर ह्या माणसाला चहाच्या कपासकट उचलावं लागतं. पंधरा मिनिटांसाठी बाहेर पडायचं म्हटलं तरी विजेची केबल काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, सांडपाण्याचा पाइप जोडलेला असेल तर आधी टॉयलेटचा ब्लॅक टँक रिकामा करा, मग सिंक-शॉवरचा ग्रे (हा क्रम उलटा करायचा नाही, ग्रेच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो), ऑनिंग, म्हणजे दारावरचं कापडी छप्पर, आत घ्या, लेव्हलिंग ब्लॉक्सवरून गाडी उतरवा, फ्रिजची कडी लावा, कुकर सिंकमध्ये टॉवेलात बसवा नाहीतर पहिल्याच वळणाला तो आणि मिसळणाचा डबा एकत्र खाली. मिसळणाचा डबा आता आमच्याकडे ओव्हनमध्ये प्रवास करतो, ओव्हनचा तेवढाच उपयोग. म्हणजे एकाला हलायचं असलं की दुसऱ्याचा अख्खा संसार आवरायला लागतो, आणि ज्याला हलायचंच नाहीये त्याच्या कपाळावर तेव्हा जी आठी येते ती मी बरीच पाहिली आहे.

आता सगळे सल्ले देतात की मधला मार्ग काढा. काढला होता, हायवे ३९५ च्या ट्रिपला. तो रस्ता म्हणजे सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेच्या पायथ्याने जातो, लोन पाइनहून माउंट व्हिटनी दिसतो (१४,५०५ फूट, अलास्का सोडून अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर), मग बिशप, मग मोनो लेक, वरून टायोगा पासने योसेमिटीत उतरायचं. प्रत्येक दिवस अर्धा त्याचा, अर्धा माझा असं ठरलं. झालं काय, सकाळी तो घड्याळाकडे बघत बसायचा कारण दुपारी निघायचंय आणि मी दुपारी पोचेपर्यंत बघायच्या जागेवर ऊन नाहीतर गर्दी. त्याला बसल्यासारखं वाटेना, मला फिरल्यासारखं वाटेना. दोघांनाही अर्ध्या पोटी उठवणारी पंगत. माझं स्पष्ट मत आहे की अर्धं-अर्धं हे दागिन्यांच्या वाटणीत ठीक आहे, सुट्टीत नाही.

दुसरं मोठं भांडण हुकअपचं होतं, आणि ते नीट सांगते कारण त्यात काहीतरी कळलं. मला मोकळं रान आवडतं. बीएलएमच्या जमिनीवर, म्हणजे सरकारी मोकळ्या माळावर, बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, साधारण नियम असा की २८ दिवसांत १४ दिवस, वीज नाही पाणी नाही शेजारी नाही. नवऱ्याला फुल हुकअपवाली साइट लागायची, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी, आणि शेजारी गुडघ्याला गुडघा लावून. मी समजायचे की ह्याला सुखाची चटक आहे. तो समजायचा की हिला हौस आहे उगाच हाल करून घ्यायची. ह्यावर आम्ही अगदी तत्त्वज्ञानाच्या पातळीवर भांडलोय, निसर्ग म्हणजे काय वगैरे. मग एकदा ॲरिझोनात रानात असताना रात्री तीनच्या सुमारास त्याचं सीपॅपचं मशीन, झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं, बंद पडलं, बॅटरी संपली, आणि उरलेली रात्र तो खुर्चीत बसून होता. आपल्याला वीज नक्की कशासाठी पाहिजे हे त्याने तोपर्यंत स्वतःशीही नीट मांडलं नव्हतं बहुतेक, नुसतं "मला बरं नाही वाटत तिकडे" एवढंच म्हणायचा.

जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांमधली निम्मीच पॉवर वापरायची असते, त्याखाली नेल्या की त्या लवकर मरतात. त्यात थंडीत फर्नेस लावला की तो चालतो प्रोपेनवर पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि तो रात्रभर खातो. मग आम्ही २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी टाकली, छतावर ४०० वॉटचे सोलर पॅनल, सीपॅपचा हवा दमट करणारा ह्युमिडिफायर रानात बंद ठेवायचा आणि मशीन इन्व्हर्टरऐवजी सरळ १२ व्होल्टवर चालवायचं. ह्युमिडिफायर बंद असला की ते मशीन रात्रीत फार खात नाही. खर्च झाला, मी नाही म्हणत नाही. पण आता नवरा रानात न कुरकुरता झोपतो, आणि निसर्ग म्हणजे काय हा विषय आमच्या घरात परत निघालेला नाही. 

तर हुकअप सुटलं, राहिला वेग. आरव्हीवाल्यांमध्ये एक ३-३-३ चा नियम फिरतो, एका दिवसात ३०० मैलांच्या वर जायचं नाही, दुपारी ३ च्या आत पोचायचं, आणि एका जागी किमान ३ रात्री. नियम मला आधी अजिबात आवडला नाही, रिटायर्ड लोकांचा वाटला. पण दुपारी तीनचा भाग शंभर टक्के बरोबर आहे, अंधारात अनोळखी साइटमध्ये गाडी रिव्हर्स घेणं हे लग्न मोडायचं उत्तम साधन आहे. त्यामुळे तीन वाजता पोचणं पक्कं, बाकी दोन आकड्यांवर वाटाघाटी.

आणि मग सापडलं ते हे की ट्रिपच वाटून घ्यायची. दिवस नाही वाटायचे, ट्रिप. एक ट्रिप पूर्ण त्याची, पुढची पूर्ण माझी. ज्याची ट्रिप तो कॅप्टन, रूट त्याचा, बुकिंग त्याचं, किती वाजता उठायचं तेही त्याचं. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही, आणि उसासे हीसुद्धा कुरकुरच धरली जाते, हे कलम माझ्यामुळे घालावं लागलं. कॅप्टनवर एकच बंधन, दुसऱ्याला ट्रिपमध्ये एक व्हेटो. माझ्या व्हेटोने त्याचा चौथा दिवस एकाच तळ्यावर गेला नाही, त्याच्या व्हेटोने माझं ऑगस्टमधलं डेथ व्हॅली गेलं (हे त्याचं बरोबरच होतं, तिथल्या चढांवर गरम होऊ नये म्हणून एसी बंद करा असे बोर्ड असतात, ऑगस्टात एसी बंद करून बघा).

एप्रिल-मे मात्र त्याच्याकडेच जातो, कारण आयपीएल. भारतात संध्याकाळी साडेसात म्हणजे आमच्याकडे सकाळचे सात, बरोबर ट्रेलवर निघायची वेळ. ह्या एका गोष्टीवर व्हेटो चालत नाही असं दिसतंय.

कॅप्टनपद असूनही काही जागा अशा असतात जिथे दोघांचं एकदम भागतं, आणि त्या ओळखायची आमची खूण म्हणजे शटल. पार्कची बस दारातून जात असेल तर घर हलवायला लागत नाही, मी बसने जाते आणि खुर्ची जागेवर राहते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेज आहे, पार्कच्या आतच फुल हुकअप आणि शटलचा स्टॉप तिथेच. यूटातल्या झायन पार्कला वॉचमन कॅम्पग्राउंडवरून व्हिजिटर सेंटर चालत, तिथून कॅन्यनमध्ये फुकट बस, आणि बसच्या सीझनमध्ये खासगी गाड्यांना आत सोडतच नाहीत, म्हणजे गाडी नसल्याचं दुःखच नाही. योसेमिटी व्हॅलीतपण शटल आहे, पण तिथे हुकअप नाही, जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावायचा, आणि अपर पाइन्सच्या साइट्स पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी सातला उघडतात आणि बघता बघता संपतात. त्या सकाळी आमच्यात कसलेच मतभेद नसतात, दोघं दोन लॅपटॉपवर.

शटल नसेल तिथे सायकली. मागे रॅकवर दोन ई-बाइक्स आहेत, खरं म्हणजे एक वापरात आहे आणि एक हवा खाते. लोक मागे छोटी गाडी ओढत नेतात, टोड म्हणतात तिला, जीप रँग्लर किंवा जुनी, २०१४ पर्यंतची होंडा सीआरव्ही, चारही चाकं जमिनीवर. आमच्या प्रॉब्लेमवरचं खरं औषध तेच आहे. पण ती मागे जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही, पेट्रोल पंपावर चुकीच्या बाजूला घुसलात की उतरा, सोडवा, आणि मागच्यांच्या शिव्या खा. नवरा घेऊया म्हणतो कारण मग मी एकटी जाईन, मी नको म्हणते कारण सोडवायला मलाच उतरावं लागेल. अडलंय तिथेच.

ड्रायव्हिंग जास्त मी करते. झायनच्या पूर्वेला १९३० सालचा एक बोगदा आहे, १.१ मैलांचा, आम्ही गेलो तेव्हा आमच्यासारख्या गाडीला १५ डॉलरचं परमिट काढून समोरची वाहतूक थांबवून मधोमध सोडायचे. रेंजरने हात केला, मी निघाले, आणि शेजारी नवरा पूर्ण मैलभर पायाने नसलेला ब्रेक दाबतोय. बाहेर आल्यावर पाय दुखतोय म्हणाला. 

रिव्हर्स घेताना मात्र तो बाहेर आणि मी आत, आणि मराठीत मोकळेपणाने आरडाओरडा करता येतो हा मोठा फायदा, असं आम्ही समजून होतो. एका कॅम्पग्राउंडवर आमचं "अगं डावीकडे म्हटलं ना! माझी डावी, तुझी नाही!" असं रंगात आलेलं असताना शेजारच्या साइटवरून आवाज आला, "ताई, अजून एक फूट येऊ द्या, झाड लांब आहे." नाशिकचे निघाले. रात्री त्यांच्याकडे पिठलं-भात झाला आणि त्यांच्यातही हाच वाद असल्याचं कळलं, फक्त तिथे झोपाळ्याचा पक्ष वहिनींकडे होता. त्यानंतर आम्ही फोनवर बोलत रिव्हर्स घेतो, हळू आवाजात.

आणि कधीकधी एकटं जायचं, हेही. मी मैत्रिणीला घेऊन यूटातल्या मोआबला जाऊन आले, तो घरी. आमच्या आईंना (म्हणजे त्याच्या) हे फोनवर समजावताना जरा जड गेलं. "भांडलात का?" नाही हो आई. "मग त्याचं जेवण?" आई, सगळी आरव्ही मी नेली असली तरी घरचं स्वयंपाकघर इथेच आहे.

पुढची ट्रिप माझी, ग्लेशियर नॅशनल पार्क. तिथला गोइंग-टू-द-सन रोड मला बघायचाच आहे आणि त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी, म्हणजे आमची तीन फुटांनी बाद. तर ठरलं असं की गाडी सेंट मेरीला लावायची, तो खुर्ची टाकणार, आणि मी तिथल्या त्या १९३० च्या दशकातल्या लाल बसने, छत उघडं असतं त्यांचं, लोगन पासला जाऊन येणार. त्याला म्हटलं तू बस निवांत, माझी एक सीट बुक करते. बुक करत असताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "छत खरंच उघडतं का गं?" मी दोन केल्या. कॅन्सलेशनचा नियम आधी वाचून घेतला.