तुम्ही विचारलंत म्हणून : पासिंग झालेली जुनी जिप्सी

"पासिंग नुकतेच झाले आहे, आता पाच वर्षे बघायला नको, असे विकणारा म्हणतो. घेऊ का?" हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक नागपूरचेच असतात आणि गाडी बहुतेक वेळा मारुतीची जिप्सी असते, कारण उमरेड-कऱ्हांडला, पेंच आणि ताडोबाच्या वाटेवरच्या या शहरात जंगल म्हटले की आधी जिप्सीच डोळ्यांपुढे येते. माझ्याकडे १९९८ सालची जिप्सी किंग आहे. मी ती २००४ मध्ये सेकंडहँड घेतली आणि २०१३, २०१८ व २०२३ अशी तिची तीन पासिंगे स्वतः रांगेत उभा राहून करून आणली, एवढ्याच अधिकारावर लोक मला विचारतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा ते एकदा सलग लिहून ठेवतो.

प्रथम शब्दाचा घोळ. आपण ज्याला सरसकट पासिंग म्हणतो, त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी घ्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी मोटार वाहन निरीक्षकापुढे उभी करून नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे, आणि ते पाच वर्षे चालते. म्हणजे पर्यटकांना जंगलात फिरवणारी नऊ वर्षांची जिप्सी दर वर्षी तपासली जाते, आणि पंचविशी ओलांडलेली माझी म्हातारी पाच वर्षांतून एकदा. धंद्याची गाडी रोज पळते आणि घरची कमी पळते, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण गाडी दारात उभी असली म्हणून गंज थांबत नाही, की सांध्यांतल्या बुशांचे रबर वाळायचे थांबत नाही. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारगाडीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वर पर्यावरण कर आहेच, त्यामुळे विकणारा पासिंगचे नाव इतक्या अभिमानाने घेतो, त्यात गाडीच्या प्रकृतीपेक्षा वाचलेल्या खर्चाचा भाग मोठा असतो.

त्या दिवशी पाहिले काय जाते? दिवे, आरसे, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर, काचा, टायर, ब्रेक, स्टिअरिंग, आणि सोबत पीयूसीचा कागद. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये यांपैकी काहींच्या मर्यादा आकड्यांत दिलेल्या आहेत आणि जुनी गाडी घेणाऱ्याने त्या एकदा शांतपणे वाचाव्यात. चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यावर गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक नसावा. यातला शेवटचा आकडा घरी चाकावर मोजून पाहा. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेने सुमारे १० सेंटिमीटर. चाक तळहाताच्या रुंदीइतके फिरले आणि पुढची चाके जागची हलली नाहीत, तरी गाडी नियमात बसते. ब्रेकचेही तसेच आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, म्हणून ३० च्या वेगात जेमतेम १३ मीटरमध्ये थांबणारी गाडी वर्धा रोडवर ६० च्या वेगात असेल, तर तिला तितक्याच ब्रेकवर ५२ मीटर लागतील, आणि त्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. नियम चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. याखाली गाडी रस्त्यावर नको, अशी ती रेघ आहे. लोक मात्र ती गुणपत्रिका असल्यासारखी दाखवतात.

पीयूसीबद्दल फार लिहीत नाही. माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल इंजिनाला त्या काळचेच माप लागते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, आणि कार्ब्युरेटर नीट लावलेला असला की थकलेले इंजिनही त्यातून सहज सुटते.

चेसिस नंबरविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. नूतनीकरणाच्या वेळी चेसिसवर कोरलेल्या नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. तो स्वच्छ यावा म्हणून प्रत्येक मालक तेवढी जागा घासून, पुसून, तेल लावून ठेवतो, आणि म्हणून जुन्या जिप्सीच्या सगळ्या चेसिसमध्ये ती चार बोटे जागा सर्वांत निरोगी असते. घेणाऱ्याला विकणारा हौसेने तीच दाखवतो. जिप्सीचा सांगाडा शिडीसारखा आणि आतून पोकळ पेटीचा आहे. चिखल त्या पेटीत जातो, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरून काळा अंडरकोट मारला की महिनाभर काहीही दिसत नाही. ज्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग आहे आणि बंपरला मात्र जुना, तिच्याकडे मी नेहमी संशयाने पाहतो.

दुसरी गोष्ट जरा अवघड वाटेल, कारण ती आम्हा मालकांचीच आहे. तपासणीच्या मैदानावर जाणारी गाडी आणि एरवी चालवली जाणारी गाडी एकच असते असे नाही. जिप्सीला कंपनीचे २०५/७० आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ बसवण्याची हौस सर्रास आहे. पुढे लोखंडी गार्ड आणि टपावर दिव्यांची पट्टी असते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल कायद्याला मान्य नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे स्पष्ट केले आहे. म्हणून पासिंगच्या आदल्या दिवशी हे सगळे उतरते, मित्राकडून मूळ मापाची चाके उसनी येतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा होते तसे. मोठ्या मापाचा टायर व्यासाने जवळजवळ १० टक्के मोठा आहे. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने जात असते, आणि त्या जड चाकाचा भार तपासणीच्या दिवशी कोणी न पाहिलेल्या किंगपिनवर (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यावर), बेअरिंगवर आणि ब्रेकवर पडतो. २०१३ मध्ये मीही उसनी चाके लावूनच गेलो होतो, हे कबूल करतो.

आता २०१८ ची हकीकत, कारण माझे सगळे मत तिच्यावर उभे आहे. त्या वर्षी गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. निरीक्षकांनी ती मैदानावर स्वतः फिरवली, ब्रेक लावून पाहिला, स्टिअरिंगचा खेळ पाहिला. त्यांनी हलगर्जी केली असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अकराव्या दिवशी मी उमरेड रोडने ६० च्या आसपास जात होतो. पुलाच्या सांध्यावर पुढचे डावे चाक आपटले आणि त्या क्षणी स्टिअरिंग माझ्या हातात दोन्ही बाजूंना असे झटके देऊ लागले की मनगट मुरगळले. जोरात ब्रेक मारावा तर गाडी कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. पाय उचलून वेग आपोआप कमी होऊ दिला, आणि २० च्या खाली आल्यावर ती थरथर जशी आली तशी थांबली. शेजारी बसलेली बायको एक शब्दही बोलली नाही, यावरून तिला काय वाटले असेल ते कळले.

मिस्त्रीने पुढचा आस जॅकवर उचलला आणि चाक वरून व खालून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवले. "तुम्ही सोताच हात लावून पाहा नं साहेब, हालून राहिलं ते." हलत होते. मग त्याने मला ब्रेक दाबून बसायला सांगितले आणि पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर हलणे बंद झाले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिले तर किंगपिनचा, कारण ब्रेकने हब (चाक बसते तो भाग) आणि नकल (किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना जखडले जातात आणि उरलेला ढिलेपणा नकलच्या पलीकडचाच असतो. माझ्या गाडीत तो राहिला. नकलचे सील झिजले होते, नाल्यातले पाणी आत गेले होते, ग्रीसचा साबणासारखा लगदा झाला होता आणि किंगपिनच्या खालच्या बेअरिंगवर गंजाचे चट्टे होते. असा दोष अकरा दिवसांत तयार होत नाही. तो मैदानावरही होताच. पण तो जागा व्हायला विशिष्ट वेग आणि वर एक दणका लागतो, आणि मैदानावरच्या संथ फेरीत यांपैकी काहीच नव्हते. निरीक्षकांनी जे विचारले त्याचे गाडीने खरे उत्तर दिले होते. मीच त्या उत्तरात न विचारलेल्या गोष्टी वाचल्या.

नागपूरची गाडी म्हणून दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, त्यामुळे पत्रा जास्त टिकतो, आणि या कारणासाठी मी किनाऱ्यावरून आलेल्या गाडीपेक्षा विदर्भातलीच गाडी घ्यायला सांगतो. पण इथली काळी माती चेसिसला एकदा चिकटली की वरून वाळते आणि आतून महिनाभर ओली राहते; पावसाळ्यात रानात गेलेली गाडी पोटाखालून धुतली नाही, तर तो ओला लेप स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला टांगतात त्या हँगरपाशी बसून राहतो. उन्हाळा तर विचारूच नका. ४५ अंशांत उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेकचे रबरी होज, शॅकलचे बुश आणि टायरच्या कडा यांना चिरा पडतात, आणि नक्षी भरपूर असलेला दहा वर्षांचा टायर १.६ मिलिमीटरच्या मापात ऐटीत पास होतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन तो बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या मोटारगाडीची दर वर्षी एमओटी तपासणी होते. तिथल्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. गाडी पास झाली तरी तपासणाऱ्याला दिसलेली पुढची दुखणी, म्हणजे कुठे गंज धरतो आहे, कुठला बुश सैल होतो आहे, ही सूचना म्हणून कागदावर येतात, आणि गाडीचा नंबर टाकून कोणीही ती जुन्या वर्षांसह वाचू शकतो. आपल्या कागदावर फक्त हो किंवा नाही. म्हणून २०१८ नंतर मी स्वतःची वही घातली आहे. दर दिवाळीनंतर, पावसाळ्याचा चिखल वाळला की, गाडी खड्ड्यावर घेऊन मी आणि मिस्त्री अर्धा दिवस घालवतो. चेसिस छोट्या हातोडीने ठोकायची, आवाज खणखणीत आला तर पुढे सरकायचे, भद्द आला तर तिथे थांबायचे. चारही चाके बारा-सहा आणि तीन-नऊ अशी धरून हलवायची. ब्रेकचे पेडल मिनिटभर दाबून धरायचे आणि ते हळूहळू खाली बसते का ते पाहायचे. २०२३ च्या पासिंगला मी मूळ मापाच्या स्वतःच्या चाकांवर गेलो आणि निरीक्षकांना न सांगता मनातल्या मनात माझी वही त्यांच्या तपासणीशी ताडून पाहिली. त्यांनी तपासलेले सगळे माझ्या वहीत होते. वहीतले निम्म्याहून अधिक त्यांच्या तपासणीत नव्हते, आणि असायची अपेक्षाही नव्हती.

तेव्हा "घेऊ का?" याला माझे उत्तर असे की पासिंगचा कागद असला तर शुल्काचे आणि रांगेचे कष्ट वाचले असे समजा, त्याचे किमतीत चार पैसे जास्त द्या, आणि मग तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून गाडीखाली शिरा. विकणारा शिरू देत नसेल तर आपल्या घरी परत या.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका माजी सहकाऱ्याने हेच विचारले, म्हणून मी त्याच्याबरोबर काटोल रोडला एक जिप्सी पाहायला गेलो. रंग सुरेख होता, पासिंग २०२९ पर्यंतचे होते आणि चेसिस नंबर आरशासारखा लखलखत होता. तिथून दोन वीत मागे, पाट्याच्या हँगरजवळ, हातोडीचा दुसरा ठोका बसला आणि अंडरकोटसकट पत्रा आत गेला. मालक रागावला, गाडीला भोक पाडल्याबद्दल. सहकाऱ्याने ती घेतली नाही. दोन महिन्यांनी कळले की ती विकली गेली आहे. तिचा कागद अजून २०२९ पर्यंत चालतो.