पाच मिलिमीटर

रविवार

त्र्यंबक-पहिने सायकलवर करून दुपारी परतले. श्रावण सरत आला तरी पाऊस हटत नाही, वर सिंहस्थाच्या कामांचा चिखल. सातपूर सोडल्यापासून पायाखाली कुरकुर सुरू झाली, ती थेट घरापर्यंत. गॅलरीत सीटपोस्ट उपसून सायकल उलटी केली, तर नळीतून कपभर गढूळ पाणी सांडलं. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आडवा दांडा जिथे बेअरिंगवर फिरतो त्या जागेच्या खाली पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने पार बुजलेलं. बेअरिंग किती दिवस डबक्यात बसलं होतं देव जाणे.

चेन उतरवून क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला लागतं ती दांडी, हाताने फिरवला. रवा दळल्यासारखं लागलं. मग डावा क्रँक धरून आत-बाहेर हलवून बघितला. हलतोय.

मंगळवार

ऑफिसातून परस्पर शालिमारला, सायकलच्या दुकानात. मेकॅनिक काकांनी क्रँकला हात लावला न लावला तोच निकाल: "ताई, बीबी गेला." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. मग लगेच, "उघडायचंच आहे तर हॉलोटेकच टाका ना. किती दिवस या चौकोनी एक्सलवर काढणार?"

खर्चाचा हिशोब असा. आहे तसलीच बेअरिंगची सीलबंद कार्ट्रिज टाकली तर मजुरी धरून दीड हजार. हॉलोटेक, म्हणजे नवा क्रँक आणि बाहेरच्या बेअरिंगचा बीबी घेतला तर नऊ हजारांच्या वर. विचार करून सांगते म्हटलं.

सायकल मात्र त्यांनी खोलूनच दिली. उजवीकडचे आटे उलटे असतात, हे माहीत असूनही समोर पाहताना दरवेळी धाकधूक होते. बाबांच्या काळ्या सायकलीला क्रँक बसवायचा म्हणजे कॉटर पिन आणि हातोडी. चार घाव घातले की झालं. त्यांना नऊ हजारांचा क्रँक सांगितला असता तर काय म्हणाले असते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवार

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं आणि पस्तावले. 2015 मध्ये इथल्या महाजन बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पार केल्यापासून नाशकात ग्रॅम मोजणाऱ्यांची वाण नाही. "घेऊन टाक, सायकल हलकी होईल." किती हलकी? चारशे ग्रॅम धरू. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून सत्तरेक किलो. कसारा घाट खालून वर यायला मला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे वाचणार चौदा सेकंद. तेवढा वेळ तर मी वर आल्यावर हेल्मेट काढण्यात घालवते.

"स्टिफ होईल", हा दुसरा मुद्दा. तो खोटा नाही. जुन्यात बारीक दांडा, त्याची चौकोनी टोकं क्रँकमध्ये आवळून बसवलेली, बेअरिंग फ्रेमच्या पोटात. नव्यात 24 मिलिमीटर जाडीचा पोकळ दांडा उजव्या क्रँकलाच जोडलेला, आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर, दोन अंगांना. जोर लावला तरी वाकत नाही. पण माझ्या जोराने जुना तरी कुठे वाकत होता! शिवाय बाहेरचं बेअरिंग म्हणजे पहिन्याचा चिखल थेट त्याच्या तोंडावर. एक गोष्ट मात्र मनात राहिली: हे प्रकरण ॲलन कीने घरी उघडता येतं. क्रँक ओढून काढायचा पुलर लागत नाही, शालिमार लागत नाही. पावसाळ्यात महिन्याकाठी उघडून पुसून ठेवता येईल.

तरी नऊ हजार फार होतात. कार्ट्रिजच टाकायची, असं ठरवून झोपले.

गुरुवार

सकाळी जिना उतरताना उजवा गुडघा बोलला. सावळघाट चढताना जिथे दुखतो, तिथेच. गुडघा सर्वात वर येतो त्या क्षणी.

मग सुटा क्रँक हातात घेऊन मागचा आकडा वाचला. लांबी 170 मिलिमीटर. पाच वर्षं ही सायकल चालवतेय आणि हे कधी बघितलं नव्हतं! माझी उंची पाच फूट दोन इंच. सायकलपटू तादेय पोगाचार 176 सेंटिमीटरचा, आणि त्याने 2024 ची टूर द फ्रान्स 165 च्या क्रँकवर जिंकली. मला सायकल विकताना फ्रेम लहान दिली, क्रँक मात्र सरसकट सगळ्यांना देतात तोच.

कागदावर काढून बघितलं. क्रँक पाच मिलिमीटर आखूड झाला की पाय खाली पोचायला सीट पाच मिलिमीटर वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला पॅडलही पाच मिलिमीटर खाली राहतं. म्हणजे गुडघ्याला वर जाताना एकूण एक सेंटिमीटर मोकळीक. एक सेंटिमीटर म्हणजे किती, हे घट्ट चुडीदार घालून मांडी घालणाऱ्या बाईला विचारा. बदल्यात तरफ आखूड होणार, त्याच गिअरला तीन टक्के जास्त जोर लागणार. त्यावर उपाय आहे: मागच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, 28 दात्यांऐवजी 32 ची. गिअर बदलणारा डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे, झेलेल. ती पुढच्या पगाराला.

शनिवार

काकांकडे 165 नव्हता. "170 घ्या ना ताई, आत्ता लावून देतो. पाच एमएमने काय फरक पडतो?" त्यांच्या फळीवर तो चकचकीत 170 खोक्यातून बाहेर डोकावत होता, मोह झालाच. नाही म्हटलं. माझ्या मागच्या आठ गिअरना चालेल असा, पुढे 50 आणि 34 दात्यांच्या चकत्यांचा 165 मागवायला सांगून दोन हजार ॲडव्हान्स दिला. आठ-दहा दिवस लागतील म्हणाले, म्हणजे उद्याची राइड गेली.

नवऱ्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, "गुडघ्याच्या डॉक्टरकडे कधी जाणार आहेस?" तेही खरंच आहे. सोमवारची वेळ घेतली.

बिनक्रँकची सायकल गॅलरीत टेकून ठेवली आहे. बुजलेलं भोक सेफ्टी पिनने मोकळं केलं, आट्यांना ग्रीस लावलं. सीटपोस्ट परत बसवण्याआधी जुन्या खुणेखाली पट्टीने पाच मिलिमीटर मोजून मार्करने नवी रेघ ओढली.