तुम्ही विचारलेत म्हणून: स्पितीला किन्नौरवरूनच का?

हिमाचलमधल्या उंचावरच्या स्पिती खोऱ्यातल्या काझा या मुख्य गावी मनालीहून एका दिवसात पोहोचता येत असताना मी सर्वांना शिमला-किन्नौरचा लांबचा फेरा का घालायला लावते, असे मला हटकून विचारले जाते. "उंचीमुळे" म्हटले की "आमची तब्येत ठणठणीत आहे" असे उत्तर येते आणि विषय संपतो. आता एकदा सविस्तर सांगते.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि तिथून काझाला जाताना ओलांडावी लागणारी कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर. भावाला रजा मोजकीच होती, म्हणून आम्ही मनालीहून निघालो आणि पहिलाच मुक्काम खिंडीच्या अलीकडच्या चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूंत, चार हजार मीटरच्याही वर केला. संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले, मग उलट्या झाल्या. हे अनेकांना होते, म्हणून सगळे निवांत होते. रात्री मात्र तो बुटाची नाडी हातात धरून, ती बांधायची कशी हे न सुचल्यासारखा बसून राहिला आणि उभा राहताच झोकांड्या खाऊ लागला. उंचीवर असा तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असते आणि त्यावर ताबडतोब खाली उतरणे हाच खरा उपाय असतो. पण उतरायचे कुठे? काझाच्या वाटेवर कुंझुम आडवी. उलट दिशेला, मनालीच्या वाटेवरचे बातल जेमतेम तीनशे मीटर खाली, आणि पुढे चंद्रा नदीकाठचा दगडधोंड्यांचा रस्ता, ज्यावरून नाले वाहतात. तंबूवाल्याने ऑक्सिजनचा सिलिंडर दिला. पहाटे नाल्यांचे पाणी ओसरते, तोवर थांबा, असे चालकाचे म्हणणे होते. आम्ही थांबलो नाही. वाटभर भाऊ "घराला कुलूप लावलेस ना?" एवढेच पुन्हापुन्हा विचारत होता. बरेच खाली, छत्रूच्या आसपास त्याने पाणी मागितले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. जेवण बाधले होते, असे तो आजही सांगतो.

मी भित्री नाही. किन्नौरमार्गे गेलेल्यांनाही त्रास होतो, वाटेतल्या नाको गावीच डोके धरून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावरही दरडी कोसळतात. तरी तिकडून चढ टप्प्याटप्प्याने येतो आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. शिवाय खाबला सतलज सोडून स्पिती नदीच्या काठाने वर गेले की आधी ताबो लागते. सतलजच्याच वरच्या खोऱ्यातल्या गुगे राज्याच्या येशे-ओ याने इ.स. ९९६ मध्ये स्थापलेला हा मातीचा विहार १९७५ च्या भूकंपातूनही उभा राहिला. आत अंधार असतो आणि छायाचित्रे काढू देत नाहीत, म्हणून बरेच जण पाच मिनिटांत बाहेर पडतात. डोळे सरावेपर्यंत बसून राहिले, तर भिंतींवर डोक्याच्याही वर बसवलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात.

पूर्वी मी मनालीच्या रस्त्याचेच गोडवे गात असे. कुंझुम ओलांडून स्पितीतल्या लोसर गावाकडे उतरताना हिमालयाच्या पर्जन्यछायेतले ते शीत वाळवंट एकदम समोर उघडते, तसा प्रवेश किन्नौरकडून मिळत नाही, हे माझे म्हणणे आजही खोडता येत नाही. ताबोचा इतिहास मी भीतीवर पांघरूण म्हणून वापरते, असाही आरोप होतो. त्यात तथ्य असेलही.

ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत, त्यांनी स्पितीचा बेत पुढे ढकलावा. इतरांनी चंद्रताल अखेरच्या मुक्कामाला ठेवून मनालीकडे उतरावे. कुंझुम तेव्हाही वाटेत येतेच. फक्त ते पहिले दर्शन पाठीमागे राहते, आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.