पडद्याच्या जागी चादरी

‘स्नेहसंमेलन’ हा शब्द आमच्या शाळेत फक्त निमंत्रणपत्रिकेवर असायचा. बोलताना सगळे ‘ग्यादरिंग’ म्हणायचे. आणि आमच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांत, अम्मा त्याला ‘ग्यादरिंगु’ म्हणायची. शब्द स्वरावर संपला की तेलुगू जिभेला बरं वाटतं. बसचं बस्सु, ग्लासचं ग्लासु, तसंच हे. आता मी जपानमध्ये हामामात्सु शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘बासु.’ मला एकदम अम्माचा आवाज ऐकू आला.

ग्यादरिंग डिसेंबरच्या शेवटी असायचं. ते गड्ड्याच्या जत्रेआधी उरकावंच लागे, कारण एकदा सिद्धेश्वरांची यात्रा लागली, होम मैदानावर पाळणे उभे राहिले, की शाळेत चित्त कुणाचं? दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नोटीस निघायची. मग शेवटचे दोन तास तालमीचे. नववीची मुलं मैदानावर लेझीम घ्यायची आणि त्या आवाजात सातवीचं गणित चालायचं.

आमच्या शाळेला सभागृह नव्हतं. वर्गातली टेबलं एकमेकांना दोरीने घट्ट बांधून, वर सतरंज्या टाकून स्टेज व्हायचं. पडदा मात्र आमचा होता, अगदी शब्दशः आमचा. मागावर काम करणारे पालक चादरी आणून द्यायचे आणि त्या एकाला एक टाचून पडदा तयार व्हायचा. आमच्या नायनांनी, म्हणजे वडिलांनी, आणलेली हिरवी-तांबडी चादर दरवर्षी उजवीकडे असायची. तिच्या मागे उभं राहिलं की नव्या सुताचा वास यायचा. तो वास मला अजून कुठे आला, तरी पोटात गोळा येतो. पहिलं वाक्य आठवतंय ना, असं वाटून जातं.

वर्गात आम्ही निम्म्याहून जास्त तेलुगू घरांतले. काही कन्नड बोलणारे, काही दखनी बोलणारे, आणि मराठी घरचे थोडे. शाळा मराठी माध्यमाची. आम्हाला मराठी येत होतं, पण लिंगात हमखास गडबड व्हायची. तेलुगूत एकवचनात पुरुष तेवढा वेगळा. बाई असो की वस्तू, दोघांना ‘अदि’. मराठीत मात्र भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते. का, ते कुणी सांगायचं नाही. आज माझे विद्यार्थी विचारतात, ‘सेन्सेई, इथे ‘अ’ का आणि तिथे ‘द’ का?’ जपानी भाषेत या दोन्हींना काही जागाच नाही. मी नियम सांगते, फळ्यावर उदाहरणं लिहिते. पण त्या मुलाच्या कपाळावरची आठी मला ओळखीची असते. ती भिंत-दरवाजावाली आठी आहे.

सातवीत असताना आमच्या वर्गाने स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांवर नाटुकलं बसवलं. सोलापूरच्या शाळांत ते कुठल्या ना कुठल्या वर्षी होतंच. १९३० च्या मे महिन्यातला मार्शल लॉ, मग खटला, मग येरवडा. मराठीच्या बाईंनी मला निवेदन दिलं. मला वाटलं, चुकून दिलं. वर्गात मराठी घरच्या, खणखणीत बोलणाऱ्या मुली होत्या. बाई म्हणाल्या, ‘तुझा आवाज लांब जातो. बाकीचं बसवू.’

शेवटचं वाक्य मोठं होतं. ‘मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशीची शिक्षा झाली, आणि बारा जानेवारी एकोणीसशे एकतीस रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली.’ मी दर वेळी ‘फाशीचा शिक्षा’ म्हणायचे. त्यामुळे पुढे ‘तो अमलात आला’ हेही ओघाने यायचं. बाईंनी मला एकदाही मध्येच तोडलं नाही. वाक्य पुरं होऊ द्यायच्या आणि मग जणू मला दुजोरा देतायत अशा सुरात म्हणायच्या, ‘हो ना, फाशीची शिक्षा झाली.’ एवढंच. पुढे शिक्षकाच्या प्रशिक्षणात हीच पद्धत मला कागदावर शिकवली गेली, तेव्हा मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला. आजही मूल बोलत असताना मी लाल पेन उचलत नाही.

घरी तालीम रात्री व्हायची. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असायची. पत्ता कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची, आणि तिच्या हाताच्या चालीवर मी वाक्यं म्हणायचे. तिला मराठी बाजारापुरतं यायचं. पण वीस-पंचवीस रात्री तेच तेच कानावर पडल्यावर ती मान न उचलता म्हणायची, ‘शिक्षा झाली, बिड्डा. त्याच्यापुढं तारीख.’

त्याच ग्यादरिंगमध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि तिचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. बाईंनी ठरवलं की एक नाच बतुकम्माचा करायचा. फुलं रचून त्याभोवती फेर धरतात, तो आमच्या घरच्या बायकांचा सण. बाईंना ते गाणं येत नव्हतं आणि मराठी मुलींनाही. मग आम्ही शिकवायला उभ्या राहिलो. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘उय्यालो’ येतं. त्या मुली ‘उयालो’ म्हणायच्या आणि ठेका सांडायचा. ‘य्यवर थांब, मग पुढं जा,’ असं मी माझ्या मैत्रिणीला दहा वेळा सांगितलं. वर्षभर माझ्या भाकरीला ‘तो’ वरून ‘ती’वर आणणारी मुलगी माझ्याकडे बघून ओठ हलवत होती. माझ्या नोकरीचा पहिला दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर मी हामामात्सुचं नाव घेणार नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सगळी गल्ली मैदानात होती. नायना पाळी बदलून आले होते. अम्मा पुढे, सतरंजीवर. मी माइकसमोर उभी राहिले, सगळं नीट म्हटलं आणि नेमकी श्रीकिसन सारडांच्या नावापाशी थांबले. पुढचं काही केल्या येईना. चादरीमागून बाई कुजबुजत होत्या, पण माइकच्या घुमण्यात ते ऐकू येत नव्हतं. मी खाली पाहिलं. अम्माचे ओठ हलत होते. ‘यांना फाशीची…’ एवढं वाचलं आणि उरलेलं आपोआप आलं. शिक्षा झाली, आणि ती अमलात आली.

पाठांतराला हल्ली नावं ठेवतात. पोपटपंची म्हणतात. मी भाषा शिकवते, आणि मला हे पटत नाही. परीक्षेसाठी पाठ केलेलं पेपर देऊन परत येईपर्यंत पुसून जातं, हे खरं. पण माणसांसमोर उभं राहून म्हणायचं म्हणून जे पाठ होतं, ते परक्या भाषेतलं असलं तरी आपलं होऊन बसतं. फाशीची शिक्षा म्हटल्यापासून मला शिक्षा ‘ती’ आहे हे कधी आठवावं लागलं नाही. तिचा हात धरून परीक्षा, भाषा, आशा या सगळ्या ‘ती’ झाल्या.

इथे शरद ऋतूत शाळेचं बुंकासाई असतं. तेच आपलं ग्यादरिंग. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर हिरव्या शीट अंथरतात, मुलं स्वतः खुर्च्या मांडतात आणि संपल्यावर स्वतःच उचलतात. वर्गावर्गाच्या समूहगीतांची चुरस लागते. आमच्या शाळेत त्यात एक इंग्रजी भाषणही असतं. गेल्या वर्षी ते तिसऱ्या वर्षाच्या एका अबोल मुलाकडे होतं. त्याचं ‘ल’ आणि ‘र’ एकाच ठिकाणाहून निघायचं. दोन महिने आम्ही मधल्या सुट्टीत बसलो. त्याच्या आजोबांच्या शेतावरच्या संत्र्यांबद्दलचं भाषण होतं, आणि मलाही ते तोंडपाठ झालं.

स्टेजवर तो दुसऱ्या परिच्छेदाला थांबला. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. इथली शांतता फार मोठी असते. मी पहिल्या रांगेत होते. माझे ओठ हलायला लागले, आणि हे मी ठरवून केलं नव्हतं. त्याने पाहिलं, श्वास घेतला आणि पुढे बोलला. ‘ल’ चे ‘र’ झाले असतील. मी मोजले नाहीत.

त्या रात्री सोलापूरला फोन लावला. नायना आधी हामामात्सुचंच विचारतात. सुझुकीवाल्यांनी १९०९ मध्ये इथे आधी मागाचा कारखाना काढला, गाड्या नंतर, हे मी सांगितल्यापासून त्यांना हे गाव आपल्यातलं वाटतं. मग अम्मा आली. मी तिला त्या मुलाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पूर्ण बोलला ना पण?’

बोलला, म्हटलं. त्यावर तिने न अडखळता, हात कामात असल्यासारख्या त्या जुन्या लयीत, चारही नावं घेतली आणि पुढचं सगळं वाक्य म्हटलं. बोलताना तिची भाकरी अजून ‘तो’ असते. ‘फाशीची शिक्षा’ मात्र ती आजवर कधी चुकलेली नाही.