तुम्ही विचारलंत म्हणून: बँक परत का आला?

"तुझ्या त्या थायलंडच्या पोराचं काय झालं रे? युरोपात गेल्ता न्हवं?"

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलो की कुणीतरी हे विचारतंच. दोष माझाच. बँकॉकात नोकरीला होतो तेव्हा सुट्टीवर कोल्हापूरला आलो, की शिवाजी पेठेत चहाच्या टपरीवर याच पोराच्या कहाण्या सांगत बसायचो. आता मी कायमचा परत आलोय आणि तोही परत आलाय. त्यामुळे प्रश्न विचारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू असतं ते नेमकं कुणासाठी आहे, ते मला कळत नाही.

ज्यांनी त्या कहाण्या ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पोरगा फुटबॉलपटू, नाव सुफानात मुआंता, जन्म ऑगस्ट 2002. सीसाकेतच्या मातीतला, म्हणजे कंबोडियाच्या सीमेला लागून असलेल्या ईसान भागातला. 2018 साली, सोळावं पूर्ण व्हायला दोनेक महिने बाकी असताना, त्यानं बुरीराम युनायटेड क्लबकडून थाई लीगमध्ये गोल मारला. त्या लीगमध्ये इतक्या लहान वयात आधी कुणी गोल केला नव्हता. त्याचा मोठा भाऊ सुफाचोक साराचात. आडनावं वेगळी, पण भाऊ खरे. थाई लोकांत खऱ्या नावापेक्षा टोपणनावच चालतं. धाकट्याचं टोपणनाव 'बँक' आणि थोरल्याचं 'चेक'. मी चेष्टा करत नाही. थाई लोक नोटेला बँक म्हणतात, म्हणजे धाकटा रोकड आणि थोरला चेक. टपरीवर हे सांगितलं की पुढचं ऐकायला माणसं आपोआप खुर्ची ओढून बसायची.

तर बँक परत का आला? त्यासाठी आधी तो निघाला कुठून, ते सांगायला हवं.

बँकॉकहून उबोनच्या गाडीत बसलं की बुरीराम, सुरीन, सीसाकेत ही स्टेशनं ओळीनं येतात. सुरीन म्हणजे सुरेंद्र, बुरीराम म्हणजे रम्य पुरी. गाव मात्र सांगलीपेक्षाही लहान. दोन्ही बाजूंना भातशेती, आणि घरटी एक माणूस बँकॉकात टॅक्सीवर नाहीतर बांधकामावर. अशा गावात नेविन चिडचोब नावाच्या राजकारण्यानं वीज मंडळाचा फुटबॉल क्लब विकत घेऊन आणला आणि 2011 साली स्टेडियम उभं केलं, वाढवून वाढवून आता तिथं बत्तीस हजारांवर माणूस बसतो. क्लबच्या बोधचिन्हावर फनोम रुंगचं देऊळ आहे, विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर बांधलेलं महादेवाचं. क्लबला लोक लाडानं 'प्रासात साय-फा' म्हणतात, म्हणजे विजेचा प्रासाद. सामन्याच्या दिवशी अख्खं गाव गडद निळ्या जर्सीत. चिकट भाताचे गोळे आणि भाजलेली कोंबडी पिशवीत घेऊन आज्या नातवंडांना स्टेडियमात आणतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला घरची आठवण आली, कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्याला असते तशीच गर्दी. फरक इतकाच, की तिथं पायऱ्या तडकलेल्या नव्हत्या आणि पगार वेळेवर होते.

हा पगाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तोच कुणी लक्षात घेत नाही. आपल्या डोक्यात चित्र एकच: गरीब देशातला गुणी पोरगा, युरोपात गेला म्हणजे सुटला. बँकला सुटायचं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून तो देशातल्या सगळ्यात तगड्या क्लबात होता, चषक उचलत होता, घर गाडीनं दोन-तीन तासांवर. अशा घरातून बाहेर पडायला पोटाची भूक पुरत नाही, दुसरी कुठलीतरी लागते.

तरी तो गेला. 2023 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या लूवेन क्लबात, एका हंगामाच्या कर्जावर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून. हा क्लब किंग पॉवर या थाई कंपनीचा आहे. इंग्लंडचा लेस्टर सिटी क्लबही त्यांचाच, पुण्याच्या वेंकीजकडे तिथलाच ब्लॅकबर्न आहे तसा. साहजिकच माझ्या ऑफिसात लगेच चर्चा, की वशिल्यानं गेला. वशिल्यानं दार उघडतं हो, पण मैदानावर जागा मिळत नाही. लूवेन हे ब्रसेल्सजवळचं विद्यापीठाचं गाव. स्टेडियम जेमतेम दहा हजारांचं, म्हणजे बुरीरामच्या एक तृतीयांश. संघ त्या वर्षी तळाशी चाचपडत होता आणि हंगाम ऐन भरात असताना प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक बुडत्या होडीत एकवीस वर्षांच्या परदेशी पोरावर प्रयोग करत नाही, ओळखीच्या माणसांना वल्ही देतो. बँकला शेवटची दहा-पंधरा मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. हंगाम संपला, तो बुरीरामला परतला. वय जेमतेम बावीस.

आता माझं मत. तो फसला, असं मला वाटत नाही. पण त्यानं आधी जपानला जायला हवं होतं ही माझी तक्रार आहे, आणि ती मी थाई मित्रांनाही ऐकवायचो. थायलंडचा खेळाडू जपानच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या कोट्यात धरला जात नाही, म्हणून तिथं त्याला संधी सहज मिळते. चनाथिप सोंगक्रासिन, उंची 158 सेंटिमीटर, 2017 ला जपानच्या साप्पोरो क्लबात गेला आणि पुढच्याच वर्षी जे-लीगच्या सर्वोत्तम अकरांत बसला. बँकचा सख्खा भाऊ चेक 2022 ला त्याच साप्पोरोत गेला आणि टिकला. उलट युरोपचा इतिहास बघा. 2007 साली मँचेस्टर सिटीनं तीन थाई खेळाडू घेतले. तेव्हा क्लबचा मालक होता थायलंडचा माजी पंतप्रधान थाकसिन. तिघांपैकी एकालाही पहिल्या संघाकडून एक मिनिट खेळायला मिळालं नाही. त्यातलाच तीरासिल दांगदा पुढे 2014 ला स्पेनच्या अल्मेरियाला गेला आणि वर्षाच्या आत घरी आला. म्हणजे बँक ज्या वाटेनं परतला ती आधीच मळलेली होती.

पण त्या लूवेनच्या वर्षाचा हिशेब एवढाच केला तर गडबड होते. त्याच हंगामात, मार्च 2024 मध्ये, विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात त्यानं सोलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध बरोबरीचा गोल मारला. कोरियाच्या सोन ह्युंग-मिननं आधी गोल केला होता, स्टेडियम कोरियन लोकांनी खच्चून भरलेलं, आणि सामना 1-1 सुटला. बेल्जियममध्ये बाकावर बसलेला पोरगा हा.

आणि मग त्याच वर्षीचा 11 जून, पात्रतेच्या त्याच फेरीतला शेवटचा सामना. त्या रात्री मी बँकॉकच्या राजमंगला स्टेडियममध्ये होतो, माझ्याबरोबर ऑफिसातला एक सीसाकेतचाच माणूस. त्याला मी 'पी' म्हणायचो, थाईत थोरल्या भावाला म्हणतात तसं. पुढच्या फेरीत जायला सिंगापूरला तीन गोलांच्या फरकानं हरवायचं, आणि तिकडे सोलमध्ये चीननं कोरियाकडून एका गोलानं हरायचं, असं गणित. बँकनं पहिल्या डावातच गोल केला. पी उठून नाचला. नंतर सिंगापूरनं बरोबरी केली, मग आमचे आणखी दोन. 3-1. सोलमध्ये चीन 0-1 नं हरला होता. फक्त एक गोल हवा होता. पण सिंगापूरचा गोलरक्षक हसन सनी, वय चाळीस, त्यानं त्या रात्री अकरा वेळा चेंडू अडवला. शिट्टी वाजली तेव्हा चीन आणि थायलंड, दोघांचे गुण आठ, केलेले गोल नऊ, खाल्लेले गोल नऊ. आपसातल्या सामन्यांवर चीन पुढे गेला. पी बोटांवर परत परत मोजत होता, जणू आकडा बदलेल. पुढच्या काही दिवसांत चिनी चाहत्यांनी हसन सनीच्या सिंगापुरातल्या नासी लेमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, टपरीवर रांगा लावल्या आणि ऑनलाइन पैसे पाठवून पाठवून त्याला बेजार केलं. शेवटी त्यालाच सांगावं लागलं, की आता पुरे. पीला हे सांगितलं तर तो हसला नाही.

थोरल्याचंही सांगून टाकतो, राहवत नाही म्हणून. जानेवारी 2025, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान चषकाची अंतिम लढत, समोर व्हिएतनाम. त्यांचा खेळाडू पडला म्हणून त्यांच्या गोलरक्षकानं चेंडू बाहेर मारला. रिवाज असा की चेंडू परत द्यायचा. चेकनं तो लांबून थेट जाळ्यात मारला. गोल धरला गेला, म्हणजे चेक वटला, पण व्हिएतनामनं सामनाही जिंकला आणि चषकही. पेठेत असं कुणी केलं असतं तर स्टेडियमबाहेर काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फिलिपाइन्सविरुद्ध जादा वेळेत, 116 व्या मिनिटाला, धाकट्यानं गोल मारून संघाला अंतिम सामन्यात नेलं होतं. ते आता कुणाच्या लक्षात नाही. भाऊभाऊ म्हटल्यावर असं व्हायचंच.

परतल्यानंतरच्या पहिल्या हंगामात बुरीराम लीग जिंकलं आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं. तिथं सौदीच्या अल-अहलीनं तीन गोल घातले, ते सोडा.

येताना मी पुतण्यासाठी बुरीरामची जर्सी आणली होती. परवा ती घालून तो गांधी मैदानावर निघाला आणि दारातच थांबला. छातीवरच्या चिन्हावर बोट ठेवून विचारलं, "काका, फुटबॉलच्या शर्टावर देऊळ कशाला?"

"महादेवाचं आहे," म्हटलं.

"कुठला महादेव?"

"तिकडचा."

त्याला ते पटलं बहुतेक. बूट हातात घेऊन तो अनवाणीच पळाला.