गजरावरचा दावा

तुकोबांची पालखी पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला होती, त्या दुपारी यूट्यूबचा मेल आला. माझ्या नव्या अभंगाच्या व्हिडिओवर एका संगीत कंपनीने हक्क सांगितला होता. व्हिडिओ दिसत राहणार, पण त्यावरच्या जाहिरातींचे पैसे कंपनीला जाणार. नेमका कुठल्या भागावर हक्क, तेही यूट्यूब दाखवतं. उघडून पाहिलं तर सुरुवातीचं पाऊण मिनिट. म्हणजे 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर.

मी तेव्हा दर्शनाच्या रांगेशेजारी, एका मंडळाच्या चहाच्या टेबलापाशी उभा होतो. रांगेतली माणसं तोच गजर करत होती.

मी चाली लावतो, गातो, घरच्याच खोलीत रेकॉर्डिंग करतो. मागे कंपनी नाही, त्यामुळे सगळी कारकुनी माझीच. गाणं सगळ्या ॲपांवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरायचा, मुखपृष्ठ करायचं, प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं यायच्या निदान सात दिवस आधी अर्ज टाकायचा. (तिथे बारा महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर 2024पासून त्या गाण्याचा एक पैसाही मिळत नाही.) डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मातली सगळ्यात मजेशीर जागा गीतकाराची. नाव आणि आडनाव, दोन्ही लागतात. 'संत तुकाराम' लिहिलं तर 'संत' हे नाव आणि 'तुकाराम' हे आडनाव होऊन बसतं. तुकोबांचं आडनाव आंबिले लिहावं की मोरे, यावर मी आणि माझा तबलजी रात्री उशिरापर्यंत वाद घालत बसलो होतो. शेवटी आंबिले लिहिलं.

प्रसिद्धीसाठी पैसे नव्हतेच. म्हणून गाण्याच्या क्यूआर कोडच्या चिठ्ठ्या छापल्या आणि मंडळाच्या पोरांना सांगून चहाच्या टेबलावर ठेवल्या. मेल वाचून डोकं फिरलेलं असताना परभणीकडचे एक विणेकरी चिठ्ठी उलटसुलट करत माझ्यासमोर आले. "माउली, हे काय हाय?" मी फोनवर गाणं लावून दिलं. त्यांनी एका कानाशी फोन आणि दुसऱ्या कानावर हात, असं शेवटपर्यंत ऐकलं.

"चाल कुणाची?"

"माझीच."

"चांगली हाय. पण लई फिरवलीय. आमच्या टाळकऱ्यांना झेपायची नाही."

इतकं नेमकं मत मला एकाही संगीतकार मित्राने दिलं नव्हतं. मी त्यांना कंपनीच्या दाव्याचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, किती पैसे बुडतील? मी म्हटलं, तुमच्या दिंडीच्या एका वेळच्या चहाचेही नाहीत. "मग कशाला जिवाला लावून घेता?" म्हणाले, आणि रांगेत गेले.

खरं आहे, पण मला सलत होते ते पैसे नव्हतेच. हे दावे सहसा माणूस बसून करत नाही. कंपन्या आपली रेकॉर्डिंग यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत टाकतात आणि ती यंत्रणा प्रत्येक नवा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून बघते. आवाजच नाही, नुसती चाल जुळली तरी पकडते. ज्यावर फक्त तुमचाच हक्क आहे तेवढंच तिथे ठेवायचं, असा नियम आहे. या कंपनीच्या कुठल्या तरी भजनात गजर असणार आणि तो वगळायची तसदी कुणी घेतली नसणार. कंपनीचं रेकॉर्डिंग कंपनीचं, हे मला मान्यच आहे. पण तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. आपल्या कायद्यात लेखकामागे 60 वर्षांनी त्याचे शब्द सगळ्यांचे होतात. आणि गजर तर कुणा एकाचा कधी नव्हताच.

खरं नुकसान वेगळंच होतं. वारीच्या दिवसांत अभंग पसरतो तो दुसऱ्यांच्या व्हिडिओंतून. नाशिकच्या एका भजनी मंडळाने आपल्या दिंडीच्या चित्रणाखाली माझं रेकॉर्डिंग वापरलं होतं. त्यांच्या व्हिडिओवरही तोच शिक्का बसला. कॉपीराइट हा शब्द बघूनच त्यांनी घाबरून व्हिडिओ काढून टाकला. अध्यक्षांचा फोन आला, "सर, आम्हाला भानगड नको." त्यांना दोष कसा देणार?

तबलजीचं म्हणणं, गजर कापून टाक. यूट्यूबवर तशी सोय आहे. तेवढा तुकडा छाटला की दावा आपोआप सुटतो. मी ऐकलं नाही. कापणं म्हणजे गजर त्यांचा आहे हे कबूल करणं. संध्याकाळी घरी येऊन हरकत नोंदवली. तिथे हरकतीचं कारण निवडायचं असतं. मी निवडलं, हा मजकूर सार्वजनिक मालकीचा आहे, आणि खाली चार ओळींत लिहिलं की शब्द पारंपरिक, वाजवणारे आम्ही, गाणारा मी. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे अडकवून ठेवले जातात, कुणालाच मिळत नाहीत. निदान तेवढं झालं.

पण कंपनीला उत्तराला 30 दिवस. पालखी देहूहून पंढरपूरला पोचायला जेमतेम तीन आठवडे. कंपनीने दावा कायम ठेवला असता तर मला अपील करावं लागलं असतं. तेही फेटाळून कंपनीने व्हिडिओ उतरवायला लावला असता, तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची नोंद. असे 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. हजार सबस्क्रायबर जमवायला किती वर्षं गेली ते मलाच ठाऊक, त्यामुळे रोज सकाळी पहिल्यांदा मेल उघडायचा, मग दात घासायचे, असा क्रम झाला.

उत्तर आलंच नाही. मुदत संपली आणि दावा आपोआप सुटला. तोवर एकादशी होऊन गेली होती, श्रावण तोंडावर आला होता आणि आषाढीचा अभंग कुणी ऐकत नव्हतं. नाशिकच्या अध्यक्षांना कळवलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढचा अभंग कार्तिकीसाठी आहे. व्हिडिओ घटस्थापनेलाच खाजगी ठेवून अपलोड करणार. यूट्यूबची तपासणी अपलोडच्या वेळीच होते, त्यामुळे दावा यायचा असेल तर बहुधा तेव्हाच कळेल, आणि कार्तिकी एकादशीपर्यंत सुमारे चाळीस दिवस हातात राहतील. चाल या वेळी साधी ठेवलीय, टाळकऱ्यांना झेपेल अशी. गजर मात्र दीड मिनिटाचा आहे.