साइडकारच्या चाकात हवा किती?

बुलेटवाला ‘मिस्त्री, हवा किती मारू?’ म्हणाला की मी मान वर न करता आकडा सांगतो. पण साइडकारवाल्या सरांनी तेच विचारलं आणि माझी दुपार त्यात गेली.

सर निवृत्त शिक्षक. काकूंचे गुडघे गेलेत, टांग टाकून मागे बसता येत नाही, म्हणून सरांनी जुन्या बुलेटला डावीकडे साइडकार, म्हणजे बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, बसवून घेतली. तक्रारी दोन. खड्ड्यात साइडकार उड्या मारते, काकूंची पाठ धरते. आणि हँडल डावीकडे ओढतं.

थोडं ओढणारच. जोर बुलेटच्या मागच्या चाकाला आणि वजन बाजूला लोंबणारं. ब्रेक मारला की उलट, गाडी उजवीकडे पळते. ही जास्तच ओढत होती.

हवा मोजायचा गेज लावला, तिन्ही चाकांत ३५ पीएसआय. पंपावरच्या पोरांना दुसरा आकडा माहीतच नाही. टायरची बैलगाडी नेली तरी ३५ मारतील.

समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक चाक तोललं. यात एक गोम आहे. काटा जमिनीपेक्षा उंच असतो. एकच चाक वर चढवलं तर गाडी कलते, वजन सरकतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून बाकीच्या दोन चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या. सर सीटवर, काकू साइडकारमध्ये. मागे १८५ किलो, पुढे १२२, साइडकारच्या चाकावर १०३. काकू उतरल्या की त्याच चाकावर फक्त ६०! एवढ्याशा ओझ्याला ३५ हवा म्हटल्यावर उड्या मारेल नाहीतर काय?

फार उतरवूनही चालत नाही. साधी बुलेट वळणावर झुकते. साइडकारवाली झुकत नाही, सगळा आडवा ताण टायरच्या भिंतीवर येतो. मागे ३४, पुढे २४, साइडकारला २२ केलं. टायरवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर गाडी चालवली. रेघ मधे आधी पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. मग सरांना पन्हाळ्याकडे पिटाळलं. आल्या आल्या गरम टायर मोजले: ३४ चे ३७, २२ चे २४. दहा टक्क्यांच्या आसपास वाढ ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली तर टायर दबून तापतोय, हवा कमी आहे.

उड्या थांबल्या, ओढणं मात्र वाढलं. हवा कमी झाल्यावर साइडकार खाली बसली आणि बुलेट तिच्या अंगावर कलली. बुलेट उलट किंचित उजवीकडे कललेली लागते, आणि साइडकारचं चाक पुढून जरा आत वळलेलं. बसवणाऱ्याने ही मापं ३५ हवेवरच धरली असणार. नट आवळले, पैसे घेतले, मोकळा झाला. सरळ पाइप चाकांना लावून मी सगळं पुन्हा जुळवलं.

काल सरांचा फोन. काकू मुलीकडे चालल्यात, आता साइडकार रिकामी, हवा किती? १८ पुरेल. पण रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलते, म्हणून वाळूचं पोतं ठेवायला सांगितलं. किती किलोचं, हे गणित अजून डोक्यात आहे. काट्यावर काकूंचा फरक ४३ चा, पण त्यांचं थोडं वजन बुलेटवरही जातं. तूर्त चाळीस किलो, चाकाच्या बाजूला सरकवून, नीट बांधून. मग ओझं जवळपास काकूंएवढंच, म्हणून हवा २२ च.